टॅलेंट एजन्सी वाढवायची आहे, साठ क्रिएटरची कॅम्पेन घ्यावी का?

गोरेगावकरीण

नमस्कार मंडळी. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण मिळून इन्फ्लुएन्सर टॅलेंट मॅनेजमेंट करतो. सुरुवात ठरवून झाली नाही. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, मैत्रिणीच्या मावसभावाचे तिथले सगळे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. इन्स्टाग्रामवर तो पुन्हा उभा राहत होता तेव्हा ब्रँडचे मेल कुणीतरी वाचायला हवे होते. ते आम्ही वाचायला लागलो आणि वाचताच राहिलो.

आज आमच्याकडे अकरा क्रिएटर आहेत, सगळे मराठीत करणारे. तिघी रेसिपीवाल्या, एक ट्रेकवाला, दोघे कॉमेडी करतात, एक जण फक्त लोकल आणि मेट्रोवर व्हिडिओ करतो, बाकी साड्या, मुलांचा अभ्यास वगैरे. आम्ही वीस टक्के घेतो. ऑफिस म्हणजे गोरेगाव पूर्वेला सासूबाईंच्या रिकाम्या फ्लॅटची बाहेरची खोली.

आता एका पॅकबंद खाद्यपदार्थांच्या कंपनीकडून विचारणा आली आहे. गणपतीसाठी महाराष्ट्रभरातले साठ छोटे क्रिएटर हवेत, दहा ते तीस हजार फॉलोअर्सवाले. 'सगळं तुम्हीच बघा, आम्हाला एकच बिल द्या' असं म्हणणं आहे. बजेट दहा लाख अधिक जीएसटी. क्रिएटरना साधारण चौदा-चौदा हजार धरले तर साडेआठ जातात, दीड लाख आमचे. पेमेंट नव्वद दिवसांनी.

आजवरचं आमचं हे सगळ्यात मोठं काम ठरेल. मैत्रीण म्हणते डोळे मिटून घ्यायचं, यातूनच नाव होतं. मला धाकधूक आहे. तर, हे घ्यावं का? यासाठी दोन-तीन मुलं कामावर घेऊन अंधेरीत छोटं ऑफिस बघावं का? आणि आमच्या एका रेसिपीवालीला मोठ्या एजन्सीचे फोन येतायत, तिच्याशी तीन वर्षांचा एक्सक्लुझिव्ह करार केला तर ती बांधली जाईल का? या धंद्यातलं कुणी इथे असेल तर सांगा.

चर्चगेट_स्लो

नव्वद दिवस म्हणजे गणपतीचे पैसे दत्तजयंतीला. तेही बिल पहिल्या फटक्यात पास झालं तर. माझं स्वतःचं प्रिंटिंगचं काम आहे, कंपन्यांचे नव्वद दिवस कधी सुरू होतात हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

ताळेबंद

ठाण्यात प्रॅक्टिस करतो, असे तीन-चार क्लायंट आहेत. आधी आकडे मांडू, मग नाव होतं की नाही ते बघू.

दहा लाखांचं बिल, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११ लाख ८० हजार. तुमचे साठ क्रिएटर बहुतेक सगळे वर्षाला वीस लाखांच्या आतले, म्हणजे त्यांची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तुम्हाला त्यांच्याकडून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) शून्य. बिल फाडलं की १ लाख ८० हजारांचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तुमच्या खिशातून जाणार. ब्रँडने तोवर दमडी दिलेली नसली तरी. क्रिएटर काही नव्वद दिवस थांबत नाहीत, त्यांचे साडेआठ लाखही आधीच जातील. प्रत्येकी चौदा हजार ही रक्कम टीडीएसच्या (पैसे देतानाच कापायच्या आयकराच्या) मर्यादेच्या आत असल्यामुळे ते पूर्ण द्यायचे. एकूण १० लाख ३० हजार तुमचे बाहेर.

आता ब्रँड पैसे देईल तेव्हा १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं कलम) लावून मूळ दहा लाखांवर दहा टक्के, म्हणजे एक लाख कापेल. (कलमांचे जुनेच आकडे लिहितो, नव्या आयकर कायद्यात ते बदललेत, पण बोलताना सगळे अजून हेच म्हणतात.) हातात १० लाख ८० हजार. वजा जाता उरले पन्नास हजार. तुमच्या दीड लाखातला एक लाख टीडीएसमध्ये अडकला, तो रिटर्न भरून परतावा येईल तेव्हा. जाहिरातीचं काम म्हणून १९४सी (कंत्राटी कामाचं कलम) खाली दोन टक्के कापायला ब्रँडचा फायनान्स तयार झाला तर बरंच सुसह्य होतं, पण ते कामाआधी ठरवून घ्यायचं असतं, बिल दिल्यावर कुणी ऐकत नाही.

म्हणजे सव्वादहा लाखांच्या आसपास चार महिने गुंतवून पन्नास हजार. यातून दोन मुलांचा एक महिन्याचा पगार निघतो.

गोरेगावकरीण

@ताळेबंद, हे मैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

लोखंडवाला_बॅकरोड

वयाने मोठी असणार म्हणून तू म्हणते, चालेल ना. मी कैक वर्षं वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात जागा विकली, मग या धंद्यात आले. तेव्हा याला इन्फ्लुएन्सर वगैरे म्हणत नसत. वांद्र्याच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये ब्लॉगर मीट भरवायची, पिशवीत शाम्पूच्या बाटल्या द्यायच्या, संध्याकाळभर ट्विटरवर हॅशटॅग चालवायचा, की ब्रँड मॅनेजर खूश. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खेड्यातला पोरगाही व्हिडिओ करायला लागला. आमची एजन्सी वीरा देसाई रोडवरच्या एका गाळ्यात सुरू झाली, आज एक मजला आहे. त्या मजल्याचं भाडं मला दर महिन्याच्या पाच तारखेला आठवतं, म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: सासूबाईंची खोली सोडू नकोस. ब्रँडवाले तुझ्याकडे येत नाहीत, ते तुला लोअर परळला नाहीतर बीकेसीला बोलावून काचेच्या खोलीत अर्धा तास बसवून ठेवतात. क्रिएटरही येत नाहीत. विरारहून अंधेरीला रील दाखवायला कोण येईल?

माणूस ठेवच, पण कुठलं ते ऐक. या धंद्यातले सगळे पहिला माणूस म्हणून टॅलेंट मॅनेजर ठेवतात. तेविशीतली, हुशार, इंग्रजी फाडफाड, रात्री अकरालाही व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. वर्षभरात तुझ्या सगळ्या क्रिएटरची खरी मैत्रीण तीच होते, तुझं नाव फक्त बिलावर उरतं. मग एक दिवस ती सोडून जाते आणि तिच्यासोबत चार क्रिएटर जातात. इथल्या निम्म्या एजन्सी अशाच जन्मल्या आहेत, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. तू पहिला माणूस हिशेबाचा ठेव. साठ्ये नाहीतर डहाणूकर कॉलेजातून बीकॉम झालेला, फोनवर न लाजता पैसे मागणारा. पीओ (कंपनीची लेखी ऑर्डर) आला का, व्हेंडर कोड (त्यांच्या यादीतला आपला नंबर) मिळाला का, बिल पोर्टलवर चढलं का, कुणाच्या टेबलावर अडलंय, एवढंच त्याने दिवसभर विचारायचं. क्रिएटरशी तुम्ही दोघी बोला. अकरा जण दोघींना झेपतात.

आता साठ जणांचं. ताळेबंदांनी पैशांचं सांगितलंच आहे, मी कामाचं सांगते. मोदकाच्या पिठाची एक कॅम्पेन आम्ही केली होती, वीसच क्रिएटर होते. ब्रीफ चौदा पानांचं. त्यात लिहिलेलं, सगळं घरगुती आणि खरंखुरं वाटलं पाहिजे. चिपळूणच्या एका मुलीने आईसोबत रील केली, आई बोलत बोलत मोदक वळतेय, मागे कुकरची शिट्टी होते, आई म्हणते थांब गं जरा, आणि उठते. मला विचारशील तर त्या वर्षी मी बघितलेली सगळ्यात छान रील. ब्रँडकडून फीडबॅक आला: कळ्या सारख्या आकाराच्या नाहीत. शिट्टी काढा. पाकीट पहिल्या तीन सेकंदांत दिसू दे. आणि आईंच्या साडीचा रंग प्रतिस्पर्ध्याच्या पाकिटासारखा आहे, साडी बदलता येईल का? पुन्हा नारळ खवले, पुन्हा उकड काढली, साडी बदलली. आईचं बोलणं दुसऱ्या खेपेला पाठ केल्यासारखं आलं. ते ब्रँडला आवडलं.

मंजुरीच्या या फेऱ्यांत दिवस गेले आणि बहुतेक रील्स हरतालिकेच्या दिवशी आणि चतुर्थीच्या सकाळी लागल्या. मोदकाची रेसिपी बाई दहा दिवस आधी बघते, तेव्हा पीठ विकत घ्यायला दुकानात जाते. चतुर्थीच्या सकाळी तिचे हात उकडीत असतात, रील कोण बघणार? आकडे पडले आणि त्याचा जाब आम्हाला विचारला.

आता हे साठने गुणून बघ. स्क्रिप्ट, पहिला कट, दुसरा कट, लिंक, अठ्ठेचाळीस तासांनी इनसाइट्सचा स्क्रीनशॉट, आणि हे सगळं साठ वेळा. शिवाय एवढे छोटे क्रिएटर म्हणजे पूर्णवेळ हेच करणारे नव्हेत. नाशिकला बँकेत नोकरी, सांगलीला शिक्षिका, रविवारी शूट. त्यातले पाच-सहा ऐन वेळी गळतात, कुणाला सुट्टी नाही, कुणाच्या घरी सुतक. मग रात्री दहाला बदली शोधायची.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघींनी बसून बोलायची आहे, जी कुणी बोलत नाही. तुझ्या अकरा जणांचे तू वीस टक्के घेतेस ते त्यांचा भाव वाढवायला. या कॅम्पेनमध्ये ब्रँड तुला पैसे देणार ते क्रिएटरचा भाव पाडायला. मग तुझी रेसिपीवाली त्या यादीत असेल का? असेल तर तिचा दर कुठल्या टोपीने ठरवणार? मोठ्या एजन्सी दोन्ही करतात, वेगवेगळ्या टीम ठेवून, आणि तरी संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन्ही टीम एकत्रच असतात. तुम्ही दोघीच आहात. मी तुझ्या जागी असते तर टॅलेंटचंच काम वाढवलं असतं. अकरावरून पंधरा नाही, अकराच ठेवून प्रत्येकीचा दर वाढवला असता.

मराठीचा दर कसा वाढवायचा म्हणशील. ब्रँडच्या शीटमध्ये आपण 'रीजनल' या रकान्यात असतो आणि त्या रकान्यातला भाव कमी, व्ह्यूज तेवढेच असले तरी. मी भांडत नाही, कॉमेंट दाखवते. हिंदी रीलखाली हृदयं आणि ज्वाळा असतात. आपल्या बायका विचारतात, 'ताई हे साताऱ्यात कुठे मिळेल', 'अर्धा किलोचं पाकीट येतं का', 'डायबेटिसवाल्यांना चालेल का'. ही गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येक रीलखालच्या अशा कॉमेंटचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेव आणि पुढच्या मीटिंगला फॉलोअर्सच्या स्लाइडआधी ते उघड.

करारावर रात्री लिहिते, आत्ता कॉल आहे.

पिठलं_भाकरी_डोंबिवली

मी क्रिएटर आहे, त्या बाजूने लिहिते. मला आजवर तीन एजन्सी भेटल्या. पहिलीने एका कामाचे बारा हजार सांगितले. शूटला ब्रँडचा मुलगा आला होता, तो सहज बोलून गेला की तुमचे तीस दिलेत म्हणून जरा जास्त रीटेक घेतोय. मी काही बोलले नाही, रीटेक दिले, घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं हे आपलं शेवटचं.

पैसे जास्त घेतले याचं मला एवढं वाटलं नाही. त्यांनी आणलं नसतं तर बाराही मिळाले नसते. पण आकडा कळला पाहिजे. आत्ताची माझी मॅनेजर मला प्रत्येक मेलमध्ये मार्क करते. ब्रँड काय म्हणाला, ती काय म्हणाली, सगळं दिसतं. तिला मी पंचवीस टक्के देते आणि मोठ्या एजन्सीचा फोन आला तर तिचाच नंबर देते.

अजून एक. एका मसाल्यासाठी मी रील केली, ठरलं होतं दिवाळीपर्यंत. पुढच्या पाडव्यालाही माझा चेहरा त्यांच्या जाहिरातीत फिरत होता, सोसायटीतल्या बायका विचारतात किती कमावलेस गं. नंतर कुणीतरी सांगितलं की जाहिरात म्हणून चालवायचे वेगळे पैसे असतात. हे माझ्या तेव्हाच्या एजन्सीला माहीत नव्हतं की माहीत होतं, देव जाणे.

आणि त्या मिक्सरचं काय? चोवीस हजारांचा मिक्सर कोलॅबमध्ये मिळाला, आता त्यावर टॅक्स म्हणतात. खरं आहे का ताळेबंद दादा?

ताळेबंद

खरं आहे ताई. १ जुलै २०२२ पासून १९४आर लागू आहे. एका कंपनीकडून वर्षभरात वीस हजारांच्या वरची वस्तू किंवा सोय मिळाली आणि तुम्ही ती ठेवून घेतली, तर तिच्या किमतीवर दहा टक्के टीडीएस. परत केली तर नाही. मिक्सर घरात आहे म्हणजे ते तुमचं उत्पन्न, रिटर्नमध्ये दाखवा. कंपनीने दहा टक्के भरले आहेत का ते २६एएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या तुमच्या टीडीएसच्या उताऱ्यात) दिसेल.

गोरेगावकरीण, दोन गोष्टी राहिल्या होत्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली आहे का? फुकट आहे, ऑनलाइन होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की ग्राहकाला ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, करारात नव्वद लिहिलेले असले तरी. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. व्याज मागून कुणी संबंध बिघडवत नाही हे मलाही कळतं. पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून कलम ४३बीमध्ये भर पडली आहे: तुमचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांचे फायनान्सवाले स्वतःहून उद्यम नंबर विचारत फिरतात. तो बिलावर ठळक छापा.

दुसरं, दोघींची भागीदारी कागदावर आहे का? मैत्री आहे म्हणून कागद नाही असं असेल तर आधी ते करा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) सोयीची पडेल. उलाढाल ४० लाख आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटची सक्ती नाही.

लोखंडवाला_बॅकरोड

आले. तीन वर्षांच्या कराराबद्दल.

तुला क्रिकेट आवडतं का माहीत नाही, पण आपल्या धंद्यात झहीर खानची केस पाठ पाहिजे. परसेप्ट डीमार्क ही त्याची मॅनेजमेंट कंपनी, २००० साली तीन वर्षांचा करार. त्यात एक अट होती की करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढे दिले तर आमच्याकडेच राहायचं. मुदत संपली, झहीर दुसरीकडे गेला, कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करार चालू असताना एक्सक्लुझिव्ह ठेवा, पण मुदत संपल्यानंतर माणसाला धंदा करण्यापासून अडवणारी अट चालणार नाही. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७. बाकी वकिलाला विचार, माझी अक्कल तेवढीच.

म्हणजे तीन वर्षं तू तिला कागदावर धरू शकतेस. पण नाखूश क्रिएटर धरून ठेवण्यात काय आहे? ती रील्स उशिरा देईल, ब्रँडच्या कॉलवर तोंड पाडून बसेल, आणि तिच्याबरोबर तुझं नाव खराब होईल. आम्ही एक वर्षाचा करतो, दोन्ही बाजूंनी साठ दिवसांची नोटीस. जी ब्रँड आम्ही आणली त्यांचं चालू काम करार संपल्यावर पूर्ण झालं तर त्यावरचं कमिशन आमचं, हे मात्र स्पष्ट लिहितो. आणि यूट्यूबच्या जाहिरातीचे तिला येतात त्या पैशांना हात लावत नाही. काही जण त्यातही हिस्सा मागतात, मला ते पटत नाही, तो चॅनेल तिने आपल्याआधी उभा केला.

डोंबिवलीच्या ताईंनी लिहिलंय ते या सगळ्याहून मोठं. मेलमध्ये मार्क कर. तुझी रेसिपीवाली राहिली तर त्यानेच राहील.

जाहिरात म्हणून फिरवण्याचंही त्यांचं बरोबर आहे. रील क्रिएटरच्या पानावर लागणं हे एक काम, ब्रँडने तीच रील पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणं हे दुसरं. त्याचे महिन्याच्या हिशेबाने वेगळे पैसे मागायचे, कुठल्या प्लॅटफॉर्मवर आणि कधीपर्यंत ते लिहायचं. ब्रँडच्या छापील करारात बहुतेकदा 'सर्व हक्क कायमचे' असं एक वाक्य बारीक अक्षरात असतं, तिथे लाल पेन चालव. उलट हक्क लिहून देताना मुदतच घातली नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. पाच वर्षं म्हणजे त्या ताईंची मुलगी दहावीला जाईल तरी मसाला चालूच.

आणि लेबल. एएससीआयने (जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था) २०२१ मध्ये नियम काढले, जून १४ पासून लागू. पैसे घेतलेत, वस्तू घेतलीत, फुकट जेवलात, काहीही असो, जाहिरात आहे हे वर दिसलं पाहिजे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर किमान तीन सेकंद, दोन मिनिटांच्या आतल्यावर एक तृतीयांश वेळ. कॅप्शनमध्ये पंचवीस हॅशटॅगच्या खाली लपवलेलं चालत नाही. ग्राहक संरक्षणाचं केंद्रीय प्राधिकरण याहून कडक आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास. ब्रँडचा मुलगा तुला हळूच सांगेल, लेबल लावलं की रीच पडतो, जरा खाली टाका ना. फोनवर सांगेल, मेलवर नाही सांगणार. तू मेलवर उत्तर दे.

चर्चगेट_स्लो

एवढं सगळं वाचून मी माझ्या प्रिंटिंगच्या बिलांवर उद्यम नंबर छापायला घेतला. धागा कुणाचा, फायदा कुणाचा.

गोरेगावकरीण

खूप आभार सगळ्यांचे. काल मैत्रीण इथेच खोलीवर आली, दोन तास बोललो. तिचं म्हणणं अजूनही तेच आहे की मोठं काम नाकारलं तर पुन्हा विचारणार नाहीत. मग मी ब्रँडला फोन लावला, तिच्यासमोरच. म्हटलं साठ नाही, पंचवीस करू, आणि निम्मे पैसे आगाऊ. पोरगा म्हणाला आगाऊ आमच्या पॉलिसीत नाही. म्हटलं मग आम्ही तुमच्या बिनव्याजी पतपेढीचं काम करणार का? हसला. सोमवारी प्रोक्युअरमेंटच्या बाईंचा फोन आला: पंचवीस क्रिएटर चालतील, चाळीस टक्के पीओ निघाल्यावर, बाकी रील्स लागल्यावर ४५ दिवसांनी. उद्यम नंबर त्यांनीच मागितला. टीडीएसचं विचारलं तर 'फायनान्सला विचारून सांगते'.

आमच्या रेसिपीवालीला यात घेत नाहीये. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली बरं झालं, त्या बजेटमध्ये मला करायचंच नव्हतं. तिला मेलमध्ये मार्क करायला सुरुवात केली आहे.

लोखंडवाला ताई, यावर हो म्हणू का?

लोखंडवाला_बॅकरोड

म्हण, पण दोन शब्द बदलून घे. बाकीचे पैसे 'रील्स लागल्यावर' नाही, 'रील्स मंजूर झाल्यावर'. लावायची तारीख त्यांच्या हातात असते, ते शेवटच्या क्षणी पुढे ढकलतात आणि तुझे ४५ दिवस सुरूच होत नाहीत. मंजुरीला दोनच फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे, आणि कट पाठवल्यापासून तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरला जाईल, हे पीओवरच लिहून घे, वेगळ्या मेलवर नको. टीडीएसचं उत्तर फायनान्सकडून लेखी आल्याशिवाय क्रिएटरना तारखा देऊ नकोस.

पहिला कट चतुर्थीच्या तीन आठवडे आधी. प्रोक्युअरमेंटच्या बाईंना सांग की त्यांचं पाकीट दुकानातून कधी उचललं जातं ते त्यांच्याच सेल्सवाल्यांना विचारा.

पिठलं_भाकरी_डोंबिवली

पंचवीसात एखादी जागा असेल तर माझ्या मॅनेजरला मेल करा. साडी मात्र माझ्या पसंतीची.

गोरेगावकरीण

ताई, मेल पाठवते. साडीचं पीओवर लिहून घेते.